घरी बांधलेली स्पोर्ट्स कार अखेर रस्त्यावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काकांनी कोल्हापुरात सुरू केलेली गाडी मी बेळगावात पुरी केली. १९९५ साली तिच्यावर फायबरची बॉडी चढली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती स्वतःच्या चाकांवर, कायदेशीर नंबरासह बेळगावच्या दुसऱ्या रेल्वे गेटपाशी थांबली. तेव्हापासून निपाणी, चिकोडी, खानापूर, चंदगड, गडहिंग्लजकडून तेच तेच प्रश्न येतात. एकदाच लिहून टाकतो. ज्याचं उत्तर दुसरीकडे आलंय, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. किट कार म्हणजे नेमकं काय? मॉडिफाय केलेली गाडीच ना?

तशी नाही. मॉडिफाय केलेली गाडी मुळात तीच राहते. किट कारमध्ये एका साध्या गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल काढून वेगळ्याच सांगाड्यावर किंवा बॉडीखाली बसवतात. ही हौस मूळची इंग्लंडची. कॉलिन चॅपमनची लोटस सेव्हन १९५७ साली आली. तयार गाडीवर खरेदीकर लागायचा, सुट्या भागांवर तो चुकायचा, म्हणून लोक खोकी घरी आणून गाडी स्वतः जोडायचे. १९७३ मध्ये सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे गेले, आणि तिच्या धर्तीवरच्या गाड्या आजही तिकडे घराघरांतून बनतात.

आमची दुसऱ्या जातीची: स्टँडर्ड हेराल्ड या मद्रासला बनलेल्या जुन्या गाडीच्या चासीवर (सांगाड्यावर) दोन सीटची उघडी फायबर बॉडी. शेजारच्या मावशींनी ती कागदाखाली झाकलेली पाहून विचारलं होतं, “बाळू, ही गाडी हाय का पाण्याचा हौद?”

२. मी आज नवीन किट कार बांधली तर बेळगाव आरटीओत रजिस्टर होईल का?

नाही. इथे लोकांना आशा लावून फसवणारे बरेच आहेत, म्हणून स्पष्ट सांगतो.

इंग्लंडमध्ये एकट्या माणसाने बांधलेली एकच गाडी तपासून पास करायची सरकारी सोय आहे. आपल्याकडे तशी वाट नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम १२६ प्रमाणे गाडीचा नमुना पुण्याची एआरएआय, मानेसरची आयकॅट अशा मान्यताप्राप्त संस्थेकडून मंजूर व्हावा लागतो. हे काम कारखान्यांचं आहे, परसात वेल्डिंग मारणाऱ्याचं नाही. मंजुरीशिवाय विक्रीचा दाखला नाही, दाखल्याशिवाय नोंदणी नाही. नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत दंड, पुन्हा सापडलात तर १०,००० पर्यंत किंवा कैदही.

खाजगी जमिनीवर, शेतात, बंदिस्त ट्रॅकवर चालवायला कुणाची हरकत नाही. टेम्पोत घालून न्या, फिरवा, टेम्पोत घालून परत आणा.

३. मग तुमची कशी झाली? ओळख होती का?

ओळख नव्हती, तारीख होती. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ हे गाडीतल्या बदलांबद्दल आहे. १९८८ च्या मूळ कलमात आरटीओची मंजुरी घेऊन बदल आरसीत नोंदवला की पुरत होतं. २००० साली कलम बदललं आणि कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करायचा नाही, असं आलं. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं.

काकांनी बॉडी बदलली १९९५ मध्ये. त्यांच्या आरसी बुकात सलून (म्हणजे बंद टपाची गाडी) खोडून ओपन टू-सीटर असं लिहिलंय, खाली सही, वर गोल शिक्का. निळ्या शाईचा तो शिक्का अर्धा पुसलाय, पण तारीख वाचता येते. सगळी गाडी त्या एका ओळीवर उभी आहे. ती ओळ २००१ ची असती तर मी हे लिहीत बसलो नसतो.

४. माझ्याकडे जुन्या पद्मिनीचं चालू आरसी आहे. तेच ठेवून वर स्पोर्ट्स बॉडी टाकली तर?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. उत्तर: नको. कारण वर प्रश्न ३ मध्ये आलंय. शिवाय पद्मिनीला वेगळी चासीच नाही. तिची बॉडी हाच सांगाडा, ती कापली की गाडी उरत नाही. हेराल्डला पोलादी चासी वेगळी आणि बॉडीचे तुकडे तिच्यावर बोल्टने बसवलेले, म्हणून इंग्लंडमधल्या किटवाल्यांनी ती उचलली.

कलम १८२अ प्रमाणे बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. “माझ्या मित्राच्या गाडीला कुणी विचारलं नाही” असं बरेच जण लिहितात. अपघात होईपर्यंत कुणी विचारत नाही.

५. गाडी ५० वर्षांची झाली की व्हिंटेजमध्ये नोंदवता येते म्हणे. त्यातून सुटका नाही का?

मी हीच आशा धरून महिनाभर घालवला. २०२१ च्या व्हिंटेज नियमांत ५० वर्षांहून जुनी गाडी बसते खरी, पण मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेली चालत नाही. म्हणजे आमची बाद.

ज्यांची हेराल्ड मूळ बॉडीत आहे त्यांच्यासाठी: नवीन नोंदणीचे २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नोंदणीचे ५,०००. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. मात्र गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. बाजारातून भाजी आणायची हौस असेल तर साधं नूतनीकरणच बरं.

६. आरसीची मुदत कधीच संपलीय. नूतनीकरण होतं का, खर्च किती?

होतं. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, मग दर ५ वर्षांनी तपासणी करून वाढवायची. आमची २००० पासून बंद होती. एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या चारचाकीला ५,००० रुपये लागायला लागले. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या गाडीला १०,००० झाले, त्यावर जीएसटी वेगळा. उशिराबद्दल चारचाकीला महिन्याला ५०० रुपये. शिवाय जुन्या गाडीवरचा राज्याचा कर वेगळा.

सगळ्यात त्रासाची गोष्ट पैशाची नव्हती. आरसी बुक कागदी, त्यामुळे गाडी ‘वाहन’ पोर्टलवर नव्हतीच. आधी जुन्या रजिस्टरवरून तिची नोंद संगणकात चढवावी लागली. एका कार्यालयात ते रजिस्टरच सापडेना. सहा फेऱ्या झाल्यावर कपाटावरच्या गठ्ठ्यात मिळालं, कडा वाळवीने खाल्लेल्या. आमचं पान शाबूत होतं. त्या दिवशी मी शिपायापासून कारकुनापर्यंत सगळ्यांना कुंदा वाटला.

आणि हो, मुदत संपलेली गाडी तपासणीला चालवत न्यायची नाही. बेळगाव ते कोल्हापूर ती सपाट पाठीच्या ट्रकवर गेली. कोगनोळी टोल नाक्यावर प्रत्येकाने मान वळवून पाहिलं.

७. आरसी वडिलांच्या, काकांच्या, आजोबांच्या नावावर आहे आणि ते आता नाहीत. काय करायचं?

कायद्याप्रमाणे ३० दिवसांत कळवायचं आणि ३ महिन्यांत नाव बदलायचा अर्ज करायचा. फॉर्म ३१. मृत्यूचा दाखला, वारसांची कागदपत्रं, बाकी वारसांची संमती. काका २०११ मध्ये गेले, आम्ही २०२३ मध्ये उठलो. उशीर झाला तरी काम होतं, फक्त चुलत भावंडं सगळी एका जागी सापडली पाहिजेत. आमचा एक भाऊ मस्कतला, एक बहीण इचलकरंजीला. संमतीपत्रावर शेवटची सही गणपतीत मिळाली, कारण गणपतीत सगळे घरी येतात.

८. गाडी एमएच, राहतो बेळगावात. नंबर बदलायलाच हवा का?

सीमाभागात अर्ध्या घरांत हा प्रश्न आहे. एका राज्यात नोंदवलेली गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. एमएच ०९ च्या कितीतरी गाड्या इथे वर्षानुवर्षं फिरतात हे मलाही दिसतं. पण साधी मारुती गर्दीत लपते, ही लपत नाही.

क्रम असा ठेवा: आधी मूळ आरटीओत नूतनीकरण, मग वारसाचं नाव, मग फॉर्म २८ वर एनओसी, मग इथे लाइफटाइम टॅक्स आणि केए २२. चिकोडीकडच्यांना केए २३, गोकाकला केए ४९, बैलहोंगलला केए २४. एनओसीत बॉडीचा प्रकार तपासून घ्या. आमच्यात पहिल्या वेळी ‘सलून’ छापून आलं. तसंच घेऊन इकडे आलो असतो तर इथल्या अधिकाऱ्यासमोर ती बेकायदा बदललेली गाडीच ठरली असती. दुरुस्तीसाठी पुन्हा कोल्हापूर.

९. कन्नड येत नाही. काउंटरवर अडतं का?

अर्ज ऑनलाइन असल्याने फार अडत नाही. बाकी घरात मराठी, बाजारात दोन्ही, हे आपल्याला नवीन नाही. तपासणीला आलेल्या ब्रेक इन्स्पेक्टरांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि विचारलं, “इदु याव गाडी री?” (ही कुठली गाडी?) मी म्हटलं, “हेराल्ड री.” त्यांच्या मामांकडे होती म्हणे. नंतर पाऊण तास त्यांनी एकही गोष्ट सोडली नाही, वायपरपासून हॉर्नपर्यंत. पुढची काच लॅमिनेटेड आहे का, तिच्यावर मार्क आहे का, हेही बघितलं. मामांचा काही उपयोग झाला नाही, आणि तेच बरोबर.

१०. चासी नंबर सापडत नाही. पंच करून घेऊ का?

स्वतःहून अजिबात नाही. लेथवाल्याकडे पंच असतो, तो दहा मिनिटांत मारून देईल, आणि गाडी चोरीची ठरेल. नंबर गंजला असेल तर आरटीओची लेखी परवानगी घेऊनच पुन्हा मारायचा.

आमच्या गाडीचा नंबर एका पातळ पट्टीवर, आणि ती पट्टी जुन्या बॉडीला रिव्हेट मारलेली होती. बॉडी भंगारात गेली तेव्हा काकांनी चार रिव्हेट ड्रिलने उडवून पट्टी काढून ठेवली, तंबाखूच्या डबीत, चुन्याच्या पुडीसकट. मला ती मिळाली तेव्हा पांढरा चुना आकड्यांत बसून आकडे सुबक उठून दिसत होते. आरटीओला लागणारा पेन्सिलीचा छाप पहिल्या फटक्यात आला. तुम्ही जुनी गाडी सोडवत असाल तर आधी नंबराची पट्टी शोधा, मग पाना हातात घ्या.

११. फायबरचं काम घरी जमतं का?

जमतं, पण जून ते सप्टेंबर हात लावू नका. बेळगावच्या पावसाळ्यात हवेतला ओलावा मॅटमध्ये (काचेच्या धाग्यांच्या चटईत) बसतो, रेझिन नीट सुकत नाही, जेलकोटखाली (वरच्या गुळगुळीत थराखाली) फोड येतात. आमच्या डाव्या दरवाज्यावर अजून एक फोड आहे, २०१८ च्या ऑगस्टची आठवण. हार्डनर जास्त टाकून घाई केली की रेझिन तापतं, तडकतं. मी एकदा प्लास्टिकचा मग वितळवलाय. मास्क, चष्मा, हातमोजे घाला. घासताना उडणारी काचेची धूळ चार दिवस अंगाला चावते.

१२. एक इंडिकेटर लावला की सगळे दिवे मिचमिचतात. काय बिघडलंय?

अर्थिंग, म्हणजे विजेची परतीची वाट. पत्र्याच्या गाडीत बॉडीच परतीची तार असते. फायबरमधून वीज जात नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला, हॉर्नला, पेट्रोलच्या काट्याला स्वतंत्र काळी तार चासीपर्यंत आणावी लागते. ती नसली की वीज दुसऱ्या दिव्यातून वाट काढते. आमच्या गाडीत ब्रेक दाबला की डॅशबोर्डवर हाय बीमचा निळा दिवा लागायचा. दोन वायरमन हरले. मग टेस्ट लॅम्प घेऊन मी मागच्या दिव्याचा बोल्ट सोडला, तर अर्थची रिंग रंगावर बसवलेली. घासून उघड्या लोखंडावर बसवली, काम झालं.

१३. हेराल्डचे पार्ट मिळतात कुठे?

भारतात स्टँडर्ड कंपनीने हेराल्ड मद्रासला १९६१ पासून बनवली. बरेच पार्ट ट्रायम्फ या इंग्लिश कंपनीच्या स्पिटफायर गाडीशी जुळतात, त्यामुळे इंग्लंडहून मागवता येतात. पण आपण बसलोय फाउंड्रीच्या गावात. उद्यमबागेत क्रँकशाफ्टपासून हायड्रॉलिक पंपापर्यंत सगळं बनतं, एखादं गनमेटलचं बुश फिरवून देणारा लेथवाला मिळतोच. नमुना जुना न्या, आणि माप स्वतः मायक्रोमीटरने घ्या.

एक गोष्ट मात्र जिवाची आहे. पुढच्या चाकाच्या खालच्या बाजूला पितळी ट्रनियन असतं, त्यात पोलादी दांडा आट्यांवर फिरतो. त्याला ग्रीस नाही, गिअर ऑइल घालायचं, ईपी ९०. गन ग्रीसचीच, आत तेल. ग्रीस घातलं तर ते आट्यांत खाली पोचत नाही, पाणी शिरतं, दांडा गंजून तुटतो आणि चाक आडवं पडतं. आमच्या मेस्त्रींनी ४० वर्षं सगळ्याला ग्रीसच मारलेलं. ते म्हणाले, “तेल काय ऱ्हातंय त्यात? गळून जातंय की!” गळतंच. म्हणून दर १,५०० किलोमीटरला पुन्हा घालायचं.

१४. बॉडी हलकी केल्यावर मागची चाकं फाकल्यासारखी का दिसतात?

हेराल्डला मागे चाकासकट झुलणारा स्विंग अ‍ॅक्सल आणि आडवी पाटा स्प्रिंग आहे. मूळ गाडी सुमारे ८०० किलोची, स्प्रिंग त्या वजनाची. फायबर बॉडीने वजन घटलं की मागची बाजू उचलते, चाकांची खालची कड आत जाते. दिसायला वाईट हा भाग सोडा, जोरात वळताना एक्सलेटर सोडला तर बाहेरचं चाक गाडीखाली दुमडायला बघतं आणि मागची बाजू निसटते. आम्ही एक पाटा काढून उंची बसवली. ट्रायम्फने स्वतः १९७० मध्ये स्पिटफायरची स्प्रिंग बदलून हा दोष कमी केला. चोर्ल्याच्या वळणांवर जाण्याआधी हे करून घ्या, नंतर नको.

१५. ई-२० पेट्रोल चालतं का?

चालवावं लागतं, दुसरं मिळतंय कुठे. २० टक्के इथेनॉलने जुने रबरी पाइप मऊ पडतात, कॉर्कचे पॅकिंग खराब होतात, आणि मिश्रण पातळ होऊन इंजिन तापतं. पाइप नव्या जातीचे घातले, कार्ब्युरेटरचा जेट एक नंबर मोठा केला. टाकी घरगुती फायबरची असेल तर काढून टाका, आतलं रेझिन सुटून जेटमध्ये बसतं. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा. इथेनॉल पाणी ओढतं आणि ते तळाशी साचतं.

१६. इतकं जुनं इंजिन एमिशनला पास होतं?

होतं, कारण मोजमाप गाडीच्या काळाप्रमाणे. जुन्या चारचाकी पेट्रोल गाडीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतं. आमचं २.१ आलं. इंजिन तापवून न्या, चोक पूर्ण आत ढकललाय ना बघा.

१७. त्यात मोटारसायकलचं किंवा मोठं इंजिन घालू का? इलेक्ट्रिक केली तर?

इंजिन बदलाचं उत्तर प्रश्न ३ आणि ४ मध्ये आहे. आमच्यात अजून तेच ९४८ सीसी आहे, पस्तीस-अडतीस घोड्यांचं. उघड्या गाडीत जमिनीपासून वीतभर वर बसलं की साठचा वेग शंभरासारखा वाटतो, पुरे आहे. इलेक्ट्रिकला कायद्यात वाट आहे, पण ठरावीक गाडीसाठी मंजूर झालेलं किट मान्यताप्राप्त माणसाकडूनच बसवायचं. भंगारातली मोटर आणि ई-रिक्षाची बॅटरी यात बसत नाही.

१८. इन्शुरन्स मिळाला का?

थर्ड पार्टी मिळाला, तो सक्तीचाच आहे. स्वतःच्या नुकसानीचा द्यायला तीन ठिकाणी नाही म्हणाले. अर्जात फायबर बॉडीबद्दल लिहाच. लपवलंत तर हप्ता भरूनही दाव्याच्या वेळी हात वर करतील.

१९. पहिल्यांदा कुठे चालवली?

वेंगुर्ला रोडने. हिंडलगा, सुळगा, उचगाव, बाची, आणि हद्द ओलांडून शिनोळी. मुद्दाम जवळचा रस्ता धरला, मागे मेस्त्रींची गाडी, डिकीत पाना-पक्कड, ब्रेक ऑइल, दोरी. या गाडीला ब्रेकची एकच लाइन आहे, एका जागी गळती लागली तर चारी चाकं गेली. म्हणून आधी घराच्या गल्लीत दोन दिवस नुसते ब्रेक मारून बघितले. उचगावच्या पुढे पेडल जरा मऊ लागलं. थांबून पाहिलं, मागच्या डाव्या सिलिंडरला ओल. हँडब्रेकवर हळूहळू शिनोळी गाठली, तिथे चहा घेतला आणि परत येताना गाडी दोरीने आली. पहिली फेरी अशी. दुसरी धड झाली.

२०. एकूण खर्च?

काकांचा हिशेब त्यांच्याबरोबर गेला. माझा चार लाखांच्या वर गेल्यावर मी वही बंद केली. बायकोला वहीची जागा माहीत आहे.

२१. विकणार का?

नाही. सारखं विचारू नका.

२२. गाडी बघायला येऊ का?

या. पाऊस नसेल तर रविवारी सकाळी ती बाहेर असते आणि मी तिच्याखाली. १,५०० किलोमीटर होत आले असतील तर तेलाची गन तुमच्याच हातात देईन, जुने कपडे घालून या.